एकदा मिळालेलं तारण हातचं जातं का?

जुलै २०१९ मध्ये अमेरिकेतले गाजलेले ख्रिस्ती लेखक आणि माजी पाळक जोशुआ हॅरिस यांनी इन्स्टाग्रामवर जाहीर केलं, की ख्रिस्ती कोणाला म्हणायचं याच्या आपल्याकडे जेवढ्या कसोट्या आहेत, त्यांत आपण आता बसत नाही. ज्यांची पुस्तकं वाचून एक पिढी मोठी झाली, तेच उठून बाहेर गेले. अशी बातमी आली की ख्रिस्ती मंडळींत ठरलेल्या तीन प्रतिक्रिया उमटतात. कोणी म्हणतं, 'गेलं त्यांचं तारण.' कोणी म्हणतं, 'ते कधी तारलेलेच नव्हते.' आणि कोणी म्हणतं, 'येतील परत, देव सोडत नाही.'

बायबल एकच, माणूसही एकच, तरी निकाल तीन. बाहेरच्या माणसाला हे कोडंच वाटतं. आतल्यालाही वाटतं, फक्त तो ते उपासनेनंतर हळूच विचारतो.

तारण, पण बँकेतलं नव्हे

मराठीत 'तारण' म्हटलं की आधी कर्ज आठवतं. ते तारण हप्ते थकले की जप्त होतं, त्यामुळे शब्दाच्या या योगायोगावर विनोद बरेच होतात. ख्रिस्ती बोलीतलं तारण मात्र 'तारणे' या क्रियापदातून आलंय: बुडत्याला वर काढणं, पार नेणं. 'देव तारी त्याला कोण मारी' मधलं तारणं ते हेच. पाप आणि त्याची शिक्षा यांतून येशू ख्रिस्तामुळे होणारी सुटका आणि देवाच्या सहवासातलं कायमचं जीवन, असा त्याचा अर्थ. ते कमावता येत नाही. कृपेने, म्हणजे लायकी नसताना, मिळतं. इथपर्यंत बहुतेक सगळे पंथ एकत्र चालतात.

गोंधळ सुरू होतो तो काळावरून. नव्या करारात तारण तिन्ही काळांत येतं. इफिसकरांस लिहिताना प्रेषित पौल म्हणतो, तुमचं तारण झालेलं आहे. करिंथकरांस लिहिताना तो 'तारणप्राप्ती होत असलेल्या आपल्याविषयी' बोलतो. आणि रोमकरांस सांगतो, आपण तारले जाऊ. बुडणाऱ्याला होडीत ओढून घेतलं, होडी चालू आहे, किनारा अजून लागायचा आहे. होडीतला माणूस 'मी वाचलो' म्हणाला तर ते खरंच आहे. 'किनाऱ्याला लागलो की वाचलो म्हणेन' म्हणाला, तर तेही खरं.

होडीतून कोणी दुसरा त्याला ढकलू शकत नाही, यावर जवळपास सगळ्यांचं एकमत आहे. भांडण आहे ते एवढ्यावरच, की त्याला स्वतःहून उडी मारता येते का. जाणूनबुजून अशी उडी मारणं, विश्वासाकडे पाठ फिरवणं, याला धर्मत्याग म्हणतात.

हात कोणी कोणाचा धरलाय?

'नाही जात' म्हणणाऱ्यांचा मोठा आधार म्हणजे योहानकृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय. येशू आपल्या मेंढरांबद्दल सांगतो, की त्यांचा कधीही नाश होणार नाही आणि माझ्या हातातून त्यांना कोणी हिसकून घेणार नाही. मूळ ग्रीकमध्ये इथे दुहेरी नकार आहे. त्या भाषेत एखादी गोष्ट ठामपणे नाकारायची तर याहून जोरदार रचना सापडणं कठीण.

आपल्याकडच्या तत्त्वचर्चेत यासाठी एक नेमका दृष्टांत तयारच आहे. माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून बसतं. पकड सुटली तर पडलं. मांजराच्या पिल्लाला आई मानगुटीला धरून उचलते. त्याने काही धरायचं नसतं. देवाची कृपा यांपैकी कशासारखी, यावर वैष्णव आचार्यांच्या परंपरेत दोन तट पडले. ख्रिस्ती लोकांत पडलेले तट हुबेहूब तेच नाहीत, पण दृष्टांत इथेही चपखल बसतो. योहानाचा दहावा अध्याय मांजराच्या बाजूने बोलतो.

त्यावरचा आक्षेप वाचताना कोणालाही सुचेल असा आहे: 'हिसकून घेणं' हे चोराचं किंवा लांडग्याचं काम झालं, मेंढरूच चालत निघालं तर? उत्तर मिळतं, की 'कधीही नाश होणार नाही' यात तेही आलं. पण पाचच अध्याय पुढे, पंधराव्यात, तोच येशू द्राक्षवेलाचा दाखला देतो. जो फाटा वेलात राहत नाही, तो बाहेर टाकला जातो, वाळतो आणि जाळला जातो. आता बोलतंय ते माकडाचं पिल्लू.

विसार दिला की व्यवहार पक्का?

या वादातला माझा आवडता शब्द मराठी बायबलातच आहे. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पवित्र आत्म्याला 'आपल्या वतनाचा विसार' म्हटलंय. विसार म्हणजे सौदा ठरला की आगाऊ दिलेली रक्कम. उरलेले पैसे नक्की येणार याची खूण. मूळ ग्रीक शब्द 'अर्राबोन'. तो ग्रीकांनीही सेमिटिक व्यापाऱ्यांकडून उचलला. उत्पत्तीच्या पुस्तकात यहूदा तामारेकडे आपली मुद्रा, दोरा आणि काठी गहाण ठेवतो, तिथे त्याचंच हिब्रू भावंड येतं. आजच्या ग्रीकमध्ये हा शब्द साखरपुड्यासाठी वापरतात.

विसाराचा नियम कोणालाही ठाऊक असतो: देणारा मागे फिरला तर विसार बुडतो. इथे देणारा देव आहे. म्हणजे सौदा मोडला तर नुकसान त्याचं आणि नाव जायचं तेही त्याचंच. पौलाला हेच सुचवायचं होतं, असं 'तारण जात नाही' म्हणणारे मांडतात. मुद्दा भक्कम आहे. पण विसार घेणारा उलटला, तर? विसार परत करून व्यवहारातून बाहेर पडणारी माणसं जगात असतातच. एका शब्दावर किती वजन टाकायचं, याला मर्यादा हवी.

मग इब्री लोकांच्या पत्राचं काय?

समोरच्या बाजूचा हुकमी एक्का इथे आहे. इब्री लोकांस पत्र, अध्याय ६, वचनं ४ ते ६. ज्यांना एकदा प्रकाश मिळाला, ज्यांनी स्वर्गीय दानाची रुची घेतली, जे पवित्र आत्म्याचे भागीदार झाले आणि जे त्यानंतर पतित झाले, त्यांना पुन्हा पश्चात्तापापर्यंत आणणं अशक्य आहे. इंग्रजीतल्या १६११ च्या प्रसिद्ध भाषांतरात इथे 'जर पतित झाले' असं आहे. मूळ ग्रीकमध्ये 'जर' नाही. आधीची सगळी वर्णनं ज्या सुरात येतात, त्याच सुरात 'आणि पतित झालेले' एवढंच येतं.

पहिला अर्थ सरळ: हे खरे विश्वासणारे होते आणि त्यांनी गमावलं. दुसरा अर्थ: त्यांनी नुसती चव घेतली, गिळलं नाही, म्हणजे ते उंबऱ्यापर्यंत आलेले लोक. मला हा दुसरा अर्थ ओढूनताणून आणलेला वाटतो. कारण याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात येशूने मरणाची 'चव घेतली' असं म्हणताना ग्रीक क्रियापद तेच आहे आणि तिथे कोणीही 'नुसता घोट घेतला' असं म्हणत नाही.

तिसरा अर्थ विचार करण्यासारखा आहे. तो म्हणतो, धोक्याची पाटी हीच वाचवण्याची रीत असते. कड्यावर 'पुढे दरी आहे' असं लिहिलेलं असतं, ते लोकांनी पडू नये म्हणूनच. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात, सत्ताविसाव्या अध्यायात, याचा नमुना सापडतो. वादळात सापडलेल्या गलबतावर पौल आधी सांगतो, देवाने वचन दिलंय, एकाचाही जीव जाणार नाही. थोड्या वेळाने खलाशी मचवा सोडून पळू लागतात, तेव्हा तोच पौल शताधिपतीला, म्हणजे रोमन सैन्याधिकाऱ्याला, म्हणतो, हे लोक गलबतात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. वचन पक्कं होतं आणि इशाराही खरा होता. सैनिकांनी मचव्याचे दोर कापून टाकले आणि अखेर सगळे सुखरूप किनाऱ्याला लागले.

या वचनाची गंमत अशी की ते कोणालाच नीट झेपत नाही. 'तारण जातं' म्हणणाऱ्यांपैकी बहुतेक जण पुढे 'पण परत मिळतं' असंही म्हणतात. वचनात तर 'अशक्य' लिहिलंय. चौथ्या शतकात मिलानचे बिशप अँब्रोझ यांनी त्यावर तोडगा काढला: अशक्य आहे तो दुसरा बाप्तिस्मा, क्षमा नव्हे. त्यांना असा तोडगा का काढावा लागला, याची गोष्ट आधी सांगायला हवी.

दाखला दाखवा

इसवी सन २५० मध्ये रोमन सम्राट डेसियसने हुकूम काढला: साम्राज्यातल्या प्रत्येकाने देवतांना बळी अर्पण करायचा, नैवेद्याचं मांस चाखायचं आणि अधिकाऱ्यांपुढे हे करून दाखला घ्यायचा. इजिप्तच्या कोरड्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले सापडलेत. पपायरसचे कपटे आहेत ते. त्यांवर अर्जदाराचं नाव, गाव, 'मी नेहमीच देवतांना बळी अर्पण करत आलो आहे आणि आत्ताही आपल्यासमोर केला' अशा आशयाचा ठरीव मजकूर आणि खाली साक्षीची सही. आज आपण सरकारी फॉर्म भरतो, तसाच.

हजारो ख्रिस्ती रांगेत उभे राहिले. काहींनी बळी दिला. काहींनी अधिकाऱ्याला पैसे चारले आणि बळी न देताच दाखला मिळवला. पुढच्याच वर्षी डेसियस लढाईत मेला, छळ ओसरला आणि ही माणसं मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, दारात परत आली, रडत. आता यांचं काय करायचं? ज्यांनी नकार देऊन तुरुंगवास भोगला, ज्यांच्या घरची माणसं मेली, ती यांच्या शेजारी बसणार होती.

कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी मधला मार्ग धरला. २५१ च्या सभेत ठरलं, की नुसता दाखला घेतलेल्यांना चौकशी करून परत घ्यायचं. बळी दिलेल्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करायचं. पुढे पुन्हा छळाची चिन्हं दिसू लागली, तेव्हा प्रायश्चित्त करणाऱ्यांनाही आत घेतलं गेलं. रोममध्ये नोव्हेशियन नावाचे विद्वान गृहस्थ मात्र हटून बसले. त्यांचं म्हणणं असं, की देवाने क्षमा केली तर तो त्याचा अधिकार. मंडळीने अशांना आत घेऊ नये. त्यांचा वेगळा पंथच निघाला आणि तो कित्येक शतकं टिकला. इब्रीचा सहावा अध्याय हे त्यांचं आवडतं शस्त्र, आणि अँब्रोझ यांना उत्तर द्यावं लागलं ते याच पंथाला.

या लोकांचं तारण 'गेलं होतं' की 'कधी नव्हतंच', हा प्रश्न त्या काळात असा कोणी फारसा विचारला नाही. प्रश्न होता, दार उघडायचं की नाही.

जहाज फुटल्यावरची दुसरी फळी

कॅथलिक उत्तर त्याच वाटेने घडत गेलं. बाप्तिस्म्याने कृपा मिळते. गंभीर बाब, पूर्ण जाणीव आणि मनापासूनची संमती असलेल्या पापाने ती गमावली जाते. पापनिवेदन संस्काराने, म्हणजे पाद्रीपुढे पाप कबूल केल्याने, ती परत मिळते. या संस्काराला जुन्या लेखकांनी नाव दिलं होतं, जहाज फुटल्यावर हाती लागलेली दुसरी फळी. ट्रेंटच्या धर्मसभेने जानेवारी १५४७ मध्ये हे अधिकृत केलं आणि एकदा नीतिमान ठरलेला, म्हणजे देवाने निर्दोष ठरवलेला, माणूस कृपा गमावूच शकत नाही, या मताला शापही दिला.

प्रॉटेस्टंट म्हणजे सगळे 'तारण जात नाही' म्हणणारे, असा एक समज आहे, तो चुकीचा. प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरच्या अनुयायांनी १५३० च्या आउग्सबुर्ग जाहीरनाम्यात, नीतिमान ठरलेले लोक पवित्र आत्म्याला मुकू शकत नाहीत असं म्हणणाऱ्यांचा निषेधच केला आहे. ऑर्थोडॉक्स मंडळींना तर हा प्रश्नच जरा विचित्र वाटतो. त्यांच्या लेखी तारण म्हणजे आयुष्यभराचा प्रवास, खिशात ठेवायची पावती नव्हे.

डॉर्टचे सहा महिने

'जात नाही' ही बाजू काटेकोर शब्दांत मांडली गेली ती नेदरलँड्समध्ये. धर्मशास्त्राचे प्राध्यापक आर्मिनियस १६०९ मध्ये वारले. त्यांच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच कलमी निवेदन दिलं. त्यातल्या पाचव्या कलमात, खरा विश्वासणारा कृपेतून पूर्ण ढळू शकतो का, यावर त्यांनी ठाम उत्तरच दिलं नाही. शास्त्रातून आणखी तपासायला हवं, एवढंच म्हटलं. मला हे कलम फार प्रामाणिक वाटतं. पण वाद तापला, आणि नोव्हेंबर १६१८ मध्ये डॉर्ट शहरात प्रॉटेस्टंट धर्मसभा भरेपर्यंत त्यांचं मत 'ढळू शकतो' असं पक्कं झालं होतं. सहा महिने चाललेल्या सभेने उलट निर्णय दिला. सुमारे दोनशे पाळकांना पदावरून काढलं. त्यांना पाठीशी घालणारे मुत्सद्दी ओल्डनबार्नेव्हेल्ट यांचा मे १६१९ मध्ये शिरच्छेद झाला. त्यामागे राजकारण मोठं होतं, पण धर्मवादाची फोडणीही होतीच.

डॉर्टने म्हटलं काय? खरे विश्वासणारे घोर पापात पडू शकतात, उदाहरणं दावीद राजा आणि येशूचा शिष्य पेत्र. पण देव त्यांना कायमचं पडू देत नाही. पश्चात्तापाकडे वळवून शेवटपर्यंत टिकवतो. टिकवतो, हे क्रियापद महत्त्वाचं. पुढच्या शतकात जॉन वेस्ली यांनी दुसरी बाजू उचलली. पडू शकतो, पूर्णपणे पडू शकतो आणि परतही येऊ शकतो, ही शिकवण मेथॉडिस्ट मंडळींत रुजली.

'म्हणजे तारण पक्कं, आता वाटेल तसं वागा?'

हा आक्षेप डॉर्टच्या शिकवणीला लागू पडत नाही. तिच्या स्वस्त आवृत्तीला पडतो. 'एकदा तारण, कायमचं तारण' हे घोषवाक्य अनेकदा असं वापरलं जातं, की अमुक दिवशी प्रार्थना म्हटली, हात वर केला, झालं काम. पुढे माणूस कसाही जगो. डॉर्टच्या माणसांना हे ऐकून घेरी आली असती. त्यांच्या मते जो टिकत नाही, त्याला 'कायमचं' लागूच होत नाही. पौलानेही हा प्रश्न स्वतःच काढून रोमकरांस पत्रात झिडकारला आहे: कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का? मुळीच नाही.

'मग काय तारण रोज येतं-जातं?'

हा उलटा आक्षेप, आणि तोही असाच नेम चुकलेला. सकाळी चिडलो, तारण गेलं. संध्याकाळी क्षमा मागितली, आलं. असं कोणताही जबाबदार पंथ शिकवत नाही. आर्मिनियसच्या वाटेने जाणारे बहुतेक जण म्हणतात, की चुकून पाय घसरणं वेगळं आणि होडी सोडून देणं वेगळं. कॅथलिक शिकवणीतही प्रत्येक पाप प्राणघातक नसतं. तिथे तीन अटी आहेत आणि तिन्ही एकदम लागू व्हाव्या लागतात.

पेत्र आणि यहूदा इस्कर्योत, येशूच्या या दोन शिष्यांनी एकाच रात्री त्याला दगा दिला. एकाने तीनदा नाकारलं, बाहेर जाऊन रडला आणि परत आला. दुसरा परतला नाही. फरक दग्याच्या आकारात शोधणारे मला नेहमी जरा गोंधळलेले वाटतात.

खरा फरक रात्री कळतो

आता हॅरिस यांच्याकडे परत येऊ. आर्मिनियसवादी म्हणेल, यांनी तारण गमावलं. कॅल्विनवादी, म्हणजे डॉर्टच्या बाजूचा, म्हणेल, यांना ते कधी नव्हतंच. आणि योहानाच्या पहिल्या पत्रातलं वचन दाखवेल, की ते आपले असते तर आपल्याबरोबर राहिले असते. पण आज, या घडीला, पाठ फिरवून उभ्या असलेल्या माणसाबद्दल दोघांचा निष्कर्ष एकच आहे. 'जो शेवटपर्यंत टिकून राहील तोच तरेल' हे मत्तयातलं वचन दोघेही खरं मानतात. वाद आहे तो भूतकाळाच्या वर्णनावर.

मग चारशे वर्षं भांडण कशाला? कारण हा सिद्धांत गेलेल्या माणसाबद्दल कमी आणि रात्री जागणाऱ्या माणसाबद्दल जास्त आहे. 'तारण जाऊ शकतं' म्हणणारा झोपताना म्हणू शकतो, आज माझा विश्वास आहे, म्हणजे आज मी सुरक्षित आहे. उद्याचं मात्र सांगता येत नाही. 'जात नाही' म्हणणारा म्हणतो, माझा विश्वास खरा असेल तर उद्याचीही चिंता नाही. पण तो खरा आहे का? कारण ज्याच्या नावाने ही बाजू ओळखली जाते, त्या सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक कॅल्विननेच लिहून ठेवलंय, की काही काळ टिकणारा विश्वास खऱ्यासारखाच भासू शकतो. ट्रेंटची सभा तर सांगते, देवाने खास प्रकट केल्याशिवाय आपण अखेरपर्यंत टिकू याची पक्की खात्री कोणालाच नसते; आशा धरावी. पांघरूण डोक्यावर ओढलं की पाय उघडे पडतात, पायांवर घेतलं की डोकं.

आणि इशाऱ्याची वचनं हटकून चुकीच्या माणसाला टोचतात. ज्याने खरोखर पाठ फिरवली, तो इब्रीचा सहावा अध्याय वाचत बसत नाही. वाचतो तो 'माझं तर असं झालं नसेल ना' या भीतीने घेरलेला. त्याने वाचन सहाव्या वचनावर थांबवू नये. नवव्या वचनात लेखक आपल्या वाचकांना 'प्रियजनहो' म्हणतो आणि तुमच्याबाबतीत याहून चांगल्याची खात्री आहे, असं सांगतो.

आणि परत यायचं असेल तर?

समजा, हॅरिस यांच्यासारखा कोणी उद्या दारात आला. कॅथलिक पाद्री त्याला पापनिवेदनाला बसवेल. मेथॉडिस्ट म्हणेल, हरवलेलं सापडलं. कॅल्विनवादी म्हणेल, कदाचित तू आतच होतास, फक्त वाईट पडला होतास. किंवा आत्ता पहिल्यांदा आलास. स्पष्टीकरणं तीन, पण दार तिघेही उघडतील. अडून बसले असते ते नोव्हेशियनचे लोक.

३२५ मध्ये निकियाच्या धर्मसभेला त्यांचा एक बिशप हजर होता, असेसियस नावाचा. पाचव्या शतकातले इतिहासकार सॉक्रेटिस (तत्त्वज्ञ नव्हेत, हे वेगळे) सांगतात, की सम्राट कॉन्स्टंटाइनने त्याला विचारलं, श्रद्धेच्या बाबतीत सगळं मान्य आहे, तर वेगळे का राहता? त्याने डेसियसच्या छळाची हकिकत सांगितली आणि बाप्तिस्म्यानंतर मरणास कारण होणारं पाप केलेल्यांना परत घेता येत नाही, हा आपला नियम सांगितला. सम्राट म्हणाला, 'असेसियस, मग शिडी लाव आणि एकटाच चढ स्वर्गात.'

हे ऐकवणाऱ्या कॉन्स्टंटाइनने स्वतः बाप्तिस्मा घेतला तो ३३७ मध्ये, मरणाच्या अंथरुणावर.